काळ्या प्लास्टिकवरचे डाग : एप्रिल ते जून २०२५च्या नोंदी

रविवार, १३ एप्रिल

गाडी इकोस्पोर्ट, २०१६ची, पांढरी. २०२१मध्ये मामाकडून घेतली. पांढरा रंग अजून छान आहे. दशा झालीय ती काळ्या प्लास्टिकची: दोन्ही बंपरचा खालचा भाग, चारही चाकांवरच्या कमानी, दारांखालची पट्टी, वायपरखालची जाळी. या गाडीला काळं प्लास्टिक भरपूर. ते बिघडलं की अख्खी गाडी आजारी दिसते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी बाहेर धुवायला आणि पॉलिशला दिली होती. काम करणाऱ्याने प्लास्टिकला टेप न लावताच मशीन फिरवलं. रंगावरचं पॉलिश पुसून घेतलं, प्लास्टिकवर उडालेलं तसंच सोडलं. घरी आणली तेव्हा सगळं ओलसर होतं, कळलं नाही. पाडव्याला आईने बंपरवर हळदीकुंकू वाहिलं, फोटो काढले. दोन दिवसांनी पांढरे फराटे उठले. त्यानंतर तीन वेळा धुतली. ओली असेपर्यंत काळी, वाळली की फराटे परत.

आज सकाळी साडेसहाला, ऊन यायच्या आत, वही घेऊन खाली बसले. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं सहायक आहे. समोर काय आहे ते लिहून काढल्याशिवाय बाटलीचं बूच उघडायचं नाही, ही सवय तिथली. गाडीचं साधं चित्र काढलं आणि त्यावर डाग मांडत गेले. मांडता मांडता लक्षात आलं की मी ज्याला इतके दिवस ‘ते पांढरे डाग’ म्हणत होते, ते निदान पाच प्रकारचे आहेत.

ओळखायला ड्रॉपर आणि पाणी पुरलं. पॉलिशच्या फराट्यावर थेंब टाकला तर अळवावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहिला, बोट लावलं की घरंगळला. म्हणजे तिथे मेण आहे. मागच्या बंपरच्या वरच्या कडेला, जिथे दुपारभर ऊन असतं, तिथे थेंब लगेच पसरला आणि पसरला तेवढा भाग गडद काळा झाला. वाळल्यावर पुन्हा राखाडी. तो डाग नव्हेच, प्लास्टिकच उन्हाने विटलंय. दारांखालच्या पट्टीवर वाटोळ्या कडा आहेत, पाणी पडलं की दिसेनाशा होतात, नखाला मात्र किंचित खरखर लागते. ते क्षार. चाकांमागे राखाडी टणक ठिपके, ते सिमेंट. गल्लीत रस्त्याचं काँक्रीट चालू आहे. आणि बॉनेटच्या पायथ्याला, वायपरच्या जाळीवर फिकट पिवळे थेंब. शेजारच्या इमारतीला परांची बांधून रंगकाम चाललंय, त्याचे शिंतोडे.

सहावा डाग आईच्या हळदीचा. तो मी डागात धरणार नव्हते, पण नोंद ती नोंद.

मागच्या डाव्या कमानीची एक क्लिप सैल होती. ती सोडवून आतून टॉर्च मारला. प्लास्टिकचा प्रकार साच्यातच उमटवलेला असतो. इथे पीपी, ईपीडीएम आणि टीडी अशी अक्षरं मिळाली. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बादल्या आणि डबे होतात ते. ईपीडीएम हे रबर, दगड लागला तर तडकू नये म्हणून. टीडी म्हणजे टाल्क, शंखजिऱ्याची पूड, कडकपणासाठी. काळेपणा काजळीचा, आणि ती वरून लावलेली नसून आरपार मिसळलेली असते. वर रंग नाही, लॅकर नाही. पत्र्याच्या रंगावर जे पॉलिश चालतं त्याचं इथे नुकसान होतं ते यामुळेच: घासायला वर थर नाही, आणि दाणेदार पृष्ठभागाच्या खळग्यांत मेण जाऊन बसतं.


सोमवार, १४ एप्रिल

सुट्टी. फक्त धुणं. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, केस मऊ झालेला जुना दाढीचा ब्रश. प्लास्टिकला फडकं पुरत नाही, फडकं दाण्यांच्या माथ्यावरून जातं. ब्रश खळग्यात उतरतो. कमानींतून निघालेलं पाणी चहासारखं तांबूस.

निम्मा मळकटपणा गेला. फराटे मात्र आता जास्तच उठून दिसतात.


गुरुवार, १७ एप्रिल

सगळ्यांना विचारून घेतलं. आमच्या इमारतीतल्या गाड्या पुसणारे भाऊ संगमेश्वरकडचे, वीस वर्षं हेच करतायत. म्हणाले, “ताई, खोबरेल तेल चोळा, आरशासारखं होईल.” गॅरेजवाला म्हणाला, रॉकेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हीट गनने प्लास्टिक काळं करताना पाहिलंय. कॉलेजातल्या एका मुलीने टूथपेस्ट सांगितली.

टूथपेस्ट नाही, तिच्यात घासणारी पूड असते. बाकीच्यांची नोंद ठेवते. खोबरेल तेलाची चाचणी नक्की घेणार. भाऊंनी सांगितलंय आणि त्यांच्या हाताखालून माझ्यापेक्षा शंभरपट गाड्या गेल्यात.


रविवार, २० एप्रिल

पहिली खरी चाचणी. मागच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, मास्किंग टेपने काड्यापेटीएवढे चार चौकोन आखले. चारही चौकोनांत पॉलिशचा सारखाच फराटा.

पहिला: अप्सराचं साधं पांढरं खोडरबर, कोरडं. मला फारशी आशा नव्हती. भिंगातून पाहत घासलं. पहिल्या चार-पाच हातांत काहीच नाही. मग खोडरबराच्या वळ्या सुटायला लागल्या, पेन्सिल खोडताना सुटतात तशाच, आणि त्या वळ्या पांढऱ्याच्या जागी मातकट होत्या. मेणाची पूड त्यांत गुंडाळून येत होती. दाण्यांचे माथे आधी काळे झाले, खळग्यात पांढरं राहिलं. खोडरबर ब्लेडने कापून धारदार कोपरा केला आणि दिशा बदलून, आडवं झाल्यावर उभं, उभं झाल्यावर तिरकं घासलं. खळगे पण निघाले. काड्यापेटीएवढ्या जागेला सहा मिनिटं लागली, पण काळं अगदी मूळचं. खोडरबर दाण्याला इजा न करता मेण उचलतं, कारण ते प्लास्टिकहून मऊ आहे आणि मेणाची पूड त्याच्या वळ्यांना चिकटून निघते.

दुसरा: आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी घालून. फराटा फिकट झाला, गेला नाही. मेणावर अल्कोहोल कमी पडतं, तेलकटपणा मात्र छान काढतं.

तिसरा: एमटीओ, म्हणजे रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. कापसाच्या बोळ्यावर चार थेंब, पंधरा सेकंद टेकवून ठेवलं, मग ब्रश, मग कोरडं फडकं. एका फेरीत नव्वद टक्के काम झालं. वास मात्र डोक्यात जातो. आणि लगेच साबणाने धुतलं नाही तर एमटीओत विरघळलेलं मेण पसरून सगळीकडे पातळ पांढुरका थर देतं. तसा तो दिला, धुतल्यावर गेला.

चौथा: सगळीकडे मिळणारं अल्कली क्लीनर, एकास दहा पाणी. मेणावर काही नाही. पण याच बाटलीचा एक फवारा शेजारी हळदीच्या बोटावर उडाला आणि तो पिवळा डाग बघता बघता लालबुंद झाला. मी क्षणभर दचकले, मग हसू आलं. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच प्रयोग दाखवते: हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. कुंकू हळदीचंच करतात ते याच गुणावर, चुन्याच्या निवळीने वगैरे. आईला खालून हाक मारली. ती गॅलरीतून बघून म्हणाली, “बघ, हळदीचं कुंकू झालं. पुसू नकोस ते.”

पाण्याने धुतल्यावर परत पिवळं. ते तसंच ठेवलं. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, हळदीचं फडकं उन्हात वाळत घातलं की फिकं होतंच. घासायची गरज नाही.


शनिवार, २६ एप्रिल

मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन ५०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. मिसळायला बॅटरीचं पाणी, म्हणजे क्षार नसलेलं डिस्टिल्ड, पाच लिटरचा कॅन. आमच्याकडे गाड्या बोअरच्या पाण्याने धुतात, त्याने अल्कोहोल पातळ केलं तर एक डाग काढताना दुसरा सोडायचा. रंगाच्या दुकानातून एमटीओ. नायट्राइल हातमोजे. सहा खोडरबरं एकदम घेतली तेव्हा स्टेशनरीवाल्याने मुलांची परीक्षा आहे का विचारलं.


रविवार, २७ एप्रिल

पॉलिशचे फराटे, पूर्ण गाडी. सकाळी सहा ते साडेदहा.

जो क्रम जमला तो असा. प्लास्टिकला लागून असलेल्या पांढऱ्या रंगावर आधी टेप. हेअर ड्रायरने एक वीतभर भाग कोमट करायचा, हात टेकवता येईल इतकाच. पॉलिशमध्ये वापरतात ते कार्नोबा मेण ८२ अंशांच्या पुढे वितळतं, तिथवर जायचं नाही. पॉलिशमधलं मिश्रण नुसतं मऊ पडलं तरी पुरतं. मग एमटीओचा बोळा, पंधरा सेकंद, ब्रश, कोरडं फडकं, आणि तिथल्या तिथे शाम्पूचं पाणी. फडक्याची घडी दर वेळी बदलायची. मी आठ फडकी संपवली. दाराच्या पट्टीच्या टोकांना आणि फॉगलॅम्पभोवती जिथे ब्रश जात नाही, तिथे खोडरबराचा कोपरा.

भाऊ बाजूला उभे राहून बघत होते. मी डावी मागची कमान संपवून पुढे सरकले तर त्यांनी मागून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, हे परत येणार नाही?” मी म्हटलं, वाळू द्या, मग सांगते. साडेदहाला वाळली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तपासली. फराटे परत आले नाहीत.

एमटीओची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत. गच्चीच्या कठड्यावर एकेक मोकळी वाळत घातली, वाळल्यावर धुतली. जवसाच्या तेलाचं असंच एक घरगुती औषध लोक काळ्या प्लास्टिकला सुचवतात, ते मी घरात आणणार नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. त्याच्या चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग काडी न लावता पेटू शकतो. आमच्या जिन्याखाली सगळ्यांचे रद्दीचे गठ्ठे आहेत.


गुरुवार, १ मे

क्षार आणि सिमेंट.

मुंबईच्या नळाला येतं ते तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं, पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ. त्याचे असे डाग पडत नाहीत. डाग पडतात ते बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचे. जमिनीतून येताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं, उन्हात तापलेल्या काळ्या पट्टीवर थेंब वाळतो आणि क्षार तिथेच राहतात. पिण्याच्या पाण्याने गाडी धुवावी असं मी म्हणणार नाही, ते चूकच आहे. पण बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी लगेच कोरडी पुसलीच पाहिजे. भाऊ एका सकाळी बावीस गाड्या करतात, प्रत्येक गाडी कोरडी करायला त्यांना वेळ कुठून मिळणार? माझी मी करेन असं त्यांना सांगितलं.

इलाज स्वयंपाकघरातला: पांढरा व्हिनेगर, तेवढंच बॅटरीचं पाणी. टिशू पेपर भिजवून पट्टीवर चिकटवला, सावलीत, पाच मिनिटं. काढला तेव्हा कडा गेलेल्या. दोन जुनाट ठिकाणी पुन्हा पाच मिनिटं. मग भरपूर पाणी. धातूवर, विशेषतः ब्रेकच्या डिस्कवर, ओघळू द्यायचा नाही.

सिमेंट हट्टी. व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात, भिंगातून स्पष्ट दिसले, म्हणजे चुन्याचा भाग विरघळतोय. वाळूचा कण तसाच राहतो. घाई केली तर तोच कण चरा पाडेल. भिजवायचं, दहा मिनिटं थांबायचं, बांबूच्या काडीने कडेकडेने उकरायचं, पुन्हा भिजवायचं. मागच्या उजव्या कमानीवर ठिपके मोजले, सदतीस. एकोणतीस निघाले. आठ राहिले, त्यांचं पुढच्या आठवड्यात.

संगमरवर आणि फरशा धुवायचं जे ॲसिड मिळतं त्याने हे एका मिनिटात निघेल हे मला माहीत आहे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याची नुसती वाफ नटबोल्टना गंज आणते. नको.


रविवार, ४ मे

आज माझ्याकडून चूक झाली.

रंगाच्या शिंतोड्यांपासून सुरुवात केली. परांचीवरच्या रंगाऱ्याला विचारून घेतलं होतं: भिंतीला पाण्यातला ॲक्रिलिक इमल्शन, खिडक्यांच्या गजांना ऑइल पेंट. दोन्हींचे थेंब माझ्या जाळीवर आहेत. इमल्शनचे अल्कोहोलने सुटले. निम्मं-निम्मं मिश्रण कापसावर घेऊन अर्धा मिनिट ठेवलं की थेंब रबरासारखा लवचीक होतो, मग प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने अख्खा उचलतो. एकेक थेंब सुटताना फार समाधान वाटलं. ऑइल पेंट एकदा पक्का वाळला की त्याला एमटीओ काहीच करत नाही. एमटीओने तो पातळ करतात ते ओला असताना. थिनरने गेला असता, पण थिनर प्लास्टिकच्या दाण्यावर आणि शेजारच्या लॅकरवर काय करेल याची हमी नाही. चार थेंब सोडून दिले.

मग पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर एक हिरवट-काळपट घासल्याचा डाग होता, कुठल्या तरी गेटचा. घरी भिंतीवरचे डाग काढायचा तो पांढरा स्पंज होता, मेलामाइन फोमचा. ओला करून घासला. डाग गेला, मी खूश. वाळल्यावर पाहिलं तर डागाच्या जागी रुपयाएवढा गुळगुळीत, चकाकणारा ठिपका. मेलामाइन फोम हा स्पंज दिसतो, पण तो अतिबारीक सँडपेपरच आहे. दाण्यांचे माथे त्याने कापून टाकले. डाग काढताना मी प्लास्टिकच काढलं.

हे परत येत नाही. दाणा साच्यात पडलेला असतो, हाताने करता येत नाही. चाचणी न घेता थेट समोरच्या दर्शनी कोपऱ्यावर हात घातला याचं जास्त वाईट वाटलं. चौकोन आखायची शिस्त फक्त त्याच डागाला लावली नव्हती, कारण तो ‘साधा’ वाटला होता.


बुधवार, ७ मे

काल संध्याकाळी धुळीचा वारा आणि अवकाळी पाऊस. गाडीवर चिखलाचे शिंतोडे. पण आज सकाळी काळ्या भागावरची धूळ नुसत्या ओल्या ब्रशने निघाली. मेण असताना तीच धूळ चिकटून बसायची.

उरलेल्या आठ सिमेंटच्या ठिपक्यांपैकी सहा आज ऑफिसला जाण्यापूर्वी निघाले. दोन राहू देत.


रविवार, ११ मे

आता डाग नसलेला डाग: उन्हाने विटलेला भाग.

काजळी हे प्लास्टिकचं उन्हापासून संरक्षण असतं, ती अतिनील किरण शोषते. पण वर्षानुवर्षं ऊन खाऊन वरचा पातळ थर तुटत जातो, शंखजिऱ्याची पूड उघडी पडते, बारीक भेगा पडतात, आणि प्रकाश तिथे विखुरला की राखाडी दिसतं. ओलं केलं की भेगांत पाणी भरतं आणि काळं दिसतं. म्हणजे घासून हे जाणार नाही. त्या भेगा कशाने तरी भरून झाकायच्या, एवढंच हातात आहे. प्रश्न फक्त कशाने आणि किती दिवस.

हीट गन आधी रद्द केली. काकांनी पाहिलंय ते खोटं नाही, वरचा थर वितळून भेगा मिटतात आणि काळेपणा येतो. पण पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गन ५०० अंशांपर्यंत जाते. हात एक सेकंद रेंगाळला की दाणा सपाट, पट्टी वाकडी, शेजारचा रंग फुगलेला. आणि झालंच तर थर अजून पातळ. चार तारखेनंतर मला असलं काही करायचं धाडस नाही.

मागच्या बंपरच्या वरच्या कडेला तीन चौकोन. अल्कोहोलने पुसून घेतले.

एक, खोबरेल तेल. भाऊ समोर होते, त्यांच्याच हाताने लावून घेतलं. लगेच सुंदर काळं. दोन, पाण्यात मिसळलेलं सिलिकॉन ड्रेसिंग, दुधासारखं पांढरं येतं ते. काळं, किंचित मॅट. तीन, ट्रिमसाठीचं, म्हणजे अशा काळ्या प्लास्टिकसाठीचं सिरॅमिक कोटिंग, छोटी बाटली कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मागच्या शनिवारी आणली होती. सर्वांत कमी चमक, पण गडद.

आता आठवडाभर रोजची धूळ, रोजचं ऊन, आणि दोनदा शाम्पू.


शनिवार, १७ मे

निकाल. खोबरेल तेलावर मंगळवारपर्यंतच मखमलीसारखी धूळ बसली, बुधवारच्या धुण्यात सगळं गेलं, चौकोन होता तसा राखाडी. भाऊंनी स्वतः पाहिलं. म्हणाले, “म्हणून तर दर आठवड्याला लावायला लागतं, ताई.” बरोबर आहे त्यांचं. ज्याला दर आठवड्याला लावणं शक्य आहे त्याच्यासाठी ते चालतं, आणि ते प्लास्टिकला इजा करत नाही. माझ्याकडे तो वेळ नाही.

सिलिकॉन ड्रेसिंग दुसऱ्या धुण्यानंतर निम्मं उतरलं. कोटिंग जसंच्या तसं.

कोटिंगचं ठरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी उद्यासाठी त्यांची स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधली जागा देऊ केली. त्यांची गाडी दिवसभर बाहेर उन्हात राहणार. नको म्हटलं तर ऐकेनात.


रविवार, १८ मे

डावी बाजू आणि मागचा बंपर.

बाटलीवरच्या सूचनेपेक्षा तयारीलाच वेळ गेला. शाम्पू, कोरडं करणं, मग अल्कोहोलचं मिश्रण, मग पुन्हा कोरडं. फटींत अडकलेलं पाणी हेअर ड्रायरने बाहेर काढलं. पट्टीच्या वरच्या कडेतून एक थेंब ओघळला तरी कोटिंगखाली पांढरी रेघ कायमची राहते. स्पंजच्या ठोकळ्याला सुएडचा तुकडा गुंडाळून आठ-दहा थेंब, वीतभर भाग, आडवं मग उभं. एक-दोन मिनिटांत रंग बदलताना दिसतो, आणि तेवढ्यात कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसलं नाही तर ओघळ वाळून बसतो. उकाड्याने माझा घाम कोपरावरून पट्टीवर पडेल अशी भीती, म्हणून हाताला पंचा बांधून काम केलं.

मागच्या डाव्या कमानीवर, जिथे सर्वांत जाड फराटे होते, तिथे एक फराटा हलकासा पुन्हा दिसला. कोटिंग तिथे धरलं नाही, ओढल्यावर थेंब फाटत गेला. म्हणजे खाली मेण शिल्लक होतं. डोळ्याला न दिसलेलं मेण कोटिंगने दाखवलं. तेवढा भाग पुन्हा एमटीओ, शाम्पू, अल्कोहोल. तासभर मोडला, पण नंतर नीट बसलं.

उजवी बाजू आणि पुढचा बंपर पुढच्या रविवारी. बाटलीवर लिहिलंय की पहिले चोवीस तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको.


रविवार, २५ मे

जमलं नाही. आठवडाभर पाऊस येऊन-जाऊन आहे, आज सकाळीही आभाळ भरलेलं. हवेत इतका दमटपणा की पुसलेली पट्टी दहा मिनिटांनी पुन्हा ओली लागते. मॉन्सून मुंबईत साधारण ११ जूनला येतो, असा हिशेब धरून मी पूर्ण वेळापत्रक आखलं होतं.


सोमवार, २६ मे

मॉन्सून आला. हवामान खात्याने आजच जाहीर केलं, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. कॉलेजातून यायला तीन तास.

घरी आल्यावर छत्री घेऊन गाडीपाशी गेले. एक बाजू केलेली, एक न केलेली, आणि वर पाऊस, अशी चाचणी मला ठरवूनही घेता आली नसती. डाव्या पट्टीवर पाण्याचे मणी धावत होते, थांबत नव्हते. उजव्या पट्टीवर पाणी चादरीसारखं पसरून बसलेलं. ओल्यात दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. फरक फक्त पाण्याच्या वागण्यात. आईला दाखवायला तिला खाली बोलावलं. ती म्हणाली, आधी वर ये, भिजशील.


रविवार, ८ जून

पाऊस आठवड्याहून जास्त दडी मारून बसलाय. कडक ऊन आणि घामाच्या धारा. काकांनी न मागता जागा रिकामी करून दिली.

उजवी बाजू, पुढचा बंपर, वायपरची जाळी. या वेळी कोटिंगच्या आधी प्रत्येक वीतभर भागावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला. जिथे उभा राहिला तिथे पुन्हा एमटीओ, जिथे पसरला तिथे पुढे. पुढच्या कमानीवर तीन जागा अशा सापडल्या ज्या मी स्वच्छ समजत होते. १८ मेला हे केलं असतं तर तो तास वाचला असता. पहिल्या दिवशीचीच चाचणी, मी ती फक्त डाग ओळखायला वापरली, डाग गेला का ते बघायला वापरलीच नाही.

गेटच्या डागाजवळचा चकाकणारा ठिपका कोटिंगखाली थोडा दबला. तिरक्या उन्हात अजून दिसतो.

हळदीचं बोट जवळजवळ दिसेनासं झालंय. त्यावरून कोटिंग फिरवलं नाही, तेवढी जागा टेप लावून सोडली.


रविवार, २२ जून

पाऊस व्यवस्थित सुरू. गल्लीतल्या जांभळाखाली दोन रात्री गाडी उभी होती. मागच्या बंपरवर पडून फुटलेली जांभळं, वर कावळ्याची शीट. मागच्या वर्षी याच डागांना मी नखाने खरवडलं होतं. आज पाण्याचा मग ओतला, ब्रश एकदा फिरवला, गेलं.

शिल्लक: जाळीवर ऑइल पेंटचे चार थेंब, उजव्या कमानीवर सिमेंटचे दोन ठिपके, पुढे डावीकडे तो रुपया. कोटिंगची बाटली पाव उरलीय. भाऊंनी विचारलं, काकांच्या गाडीच्या आरशाखालचं प्लास्टिक तसंच राखाडी झालंय, करून बघायचं का. पावसाने उघडीप दिली की येत्या रविवारी, त्यांच्याकडून मी फडकं मारायची पद्धत शिकणार आणि मी त्यांना थेंबाची चाचणी दाखवणार. दोन खोडरबरं त्यांना आजच दिली.